मुलग्यांच्या वाट्याचं काम

कुठेतरी एखाद्या मुलीवर अत्याचार होतो, बातमी राज्यभर पसरते, मोर्चे निघतात आणि पुढचे पंधरा-वीस दिवस सगळीकडून एकच वाक्य ऐकू येतं : मुलींना जपायला पुष्कळ शिकवलंत, आता मुलग्यांना वागायला शिकवा. वाक्य खरं आहे. पण ते उच्चारणारे बहुतेक जण तिथेच थांबतात. काय शिकवायचं, कुणी शिकवायचं, कोणत्या वयात शिकवायचं आणि शिकवल्याने मुलगे खरोखर शिकतात का, हे प्रश्न पुढच्या घटनेपर्यंत तसेच पडून राहतात. दरम्यान शाळेत एखादं व्याख्यान होतं. पाहुणे सांगतात की स्त्रियांचा आदर करा, शिवरायांचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवा, आईला विसरू नका. मुलगे टाळ्या वाजवतात. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, ऐकणाऱ्यांच्या मनातही काही वाईट नसतं. सद्गुण नीट समजावून सांगितले की रुजतात, हे त्यामागचं गृहीतक मात्र कुणी तपासत नाही. हे पुस्तक त्या गृहीतकावरच्या अविश्वासातून तयार झालं आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांपुरतं बोलायचं तर सांगण्यात आपण कधीच कमी पडलेलो नाही. मूल्यशिक्षणाच्या परिपाठात दहा मूल्यं आहेत. त्यांत श्रमप्रतिष्ठा आहे, सौजन्यशीलता आहे, संवेदनशीलता आहे आणि स्त्री-पुरुष समानताही आहे. यादीत खोट काढावी असं काही नाही. सकाळी फळ्यावर समानतेचा सुविचार लिहिणारा सातवीतला मुलगा दुपारी घरी जेवतो आणि ताट तसंच ठेवून उठतो. ते त्याची बहीण किंवा आई उचलते. त्याला ढोंगी म्हणण्यात अर्थ नाही. एकाच दिवशी त्याच्यापुढे दोन धडे आले, एक फळ्यावरचा आणि एक ताटाचा. ज्या धड्यामागे घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं वागणं उभं होतं, तो त्याने खरा मानला. कोणतंही शहाणं मूल हेच करेल. आपण मुलग्यांना शिकवत नाही ही तक्रार म्हणूनच अर्धीच खरी आहे. आपण त्यांना रोज शिकवतो, अतिशय परिणामकारकपणे शिकवतो. फक्त जे शिकवतो ते फळ्यावर लिहिण्यासारखं नसतं.

केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळवापराचं सर्वेक्षण केलं. सहा वर्षांवरच्या सगळ्यांनी दिवसाचे चोवीस तास कशात घालवले याची ती मोजदाद होती. स्वयंपाक, धुणीभांडी, केरवारा अशी बिनपगारी घरकामं करणारे पुरुष शंभरातले २६ निघाले आणि स्त्रिया ८१. जे करत होते त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ पुरुषांच्या बाबतीत ९७ मिनिटं आणि स्त्रियांच्या बाबतीत २९९ मिनिटं. पाच वर्षांनी, २०२४ साली, हीच मोजणी पुन्हा झाली तेव्हा स्त्रियांची मिनिटं २८९ वर आली होती आणि पुरुषांची ८८ वर. मधल्या काळात समानतेवर भाषणं काही कमी झाली नसतील. हे आकडे सहसा स्त्रियांवरच्या अन्यायाचा पुरावा म्हणून दिले जातात आणि तो अन्याय आहेच. पण ते मुलग्याच्या बाजूने वाचले की आणखी काही दिसतं. दुसऱ्याच्या पोटाशी, आजाराशी, झोपेशी थेट संबंध असलेलं जे काम असतं, त्यातून मुलग्याला बालपणीच वगळलं जातं. त्याच्या वाट्याला जे कष्ट येतात, अभ्यासाचे, क्लासचे, खेळाचे, त्यांचं फळ त्याचं एकट्याचं असतं. त्याने गणितं सोडवली नाहीत तर त्याचेच गुण जातात. कुकर वेळेवर लावला नाही तर घर उपाशी राहतं, पण कुकर त्याच्याकडे नसतोच.

माझा सगळा युक्तिवाद इथून निघतो. धीर, संयम, दिलेला शब्द पाळणं, समोरच्याला काय हवंय हे न सांगता ओळखणं, रागावर ताबा, हाती घेतलेलं तडीला नेणं, या ज्या गुणांना आपण चारित्र्य म्हणतो आणि ज्यांतल्या काहींना पौरुषाचं लेणं मानतो, ते ऐकून येत नाहीत. आपल्यावर कुणीतरी अवलंबून आहे आणि आपण चुकलो तर त्याचा जाब आपल्याला विचारला जाणार आहे, अशा जागी मूल वर्षानुवर्षं उभं राहिलं तर ते येतात. मुलग्यांसाठी अशा जागा पूर्वी काही होत्या, त्यांतल्या पुष्कळ मोडल्या. आणि घर नावाची जी सर्वांत मोठी जागा आहे, तिथे मुलग्याला आपण कधी उभंच केलं नाही.

मोडत चाललेल्या त्या जागांपैकी तालमीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मराठी मुलखात मुलग्यांना पुरुष करण्याची एवढी विचारपूर्वक बसवलेली दुसरी शाळा नव्हती. हल्ली तालीम म्हटलं की लोकांना पिळदार दंड आठवतात. प्रत्यक्षात आठ-दहा वर्षांचा मुलगा तालमीत दाखल झाला की त्याच्या हाती आधी खोरं येतं. हौद्यातली लाल माती खणायची, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद मिसळायची, ती मऊ राखायची. पडणाऱ्याचं अंग त्या मातीवर आदळणार असतं, त्यामुळे मातीत राहिलेला खडा हा आळशी पोराचा दोष ठरतो आणि वस्ताद तो त्याच्या पदरात घालतो. पहाटेची मेहनत झाल्यावर लढती होतात तेव्हा मोठे पैलवान लहानांना अंगावर घेतात. शंभर किलोचा गडी पस्तीस किलोच्या पोराला खेळवतो, त्याला डाव मारू देतो, कधी मुद्दाम खाली जातो. आपली सगळी ताकद न वापरणं हे त्या मोठ्याचं शिक्षण असतं, लहानाच्या शिक्षणाइतकंच. रागाच्या भरात त्याने पोराचा हात पिरगाळला तर वस्ताद सगळ्यांदेखत त्याची अब्रू काढतो. बळ आणि आवर या दोन गोष्टी एकाच क्षणी, एकाच शरीरात शिकवणारी ही व्यवस्था आहे, आणि ती शिकवताना कुणी आवरावर प्रवचन देत नाही.

तिथे आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे चारित्र्याबद्दल लिहिणाऱ्यांचं लक्ष सहसा जात नाही. कोल्हापूरच्या तालमींत खेड्यापाड्यांतून येऊन राहणारे मल्ल आपला स्वयंपाक आपण करतात. पाळ्या लावून भाकरी थापतात, खुराकाचे बदाम वाटतात, थंडाई घोटतात, भांडी घासतात, आजारी जोडीदाराचं अंग रगडतात. यात त्यांच्या मर्दपणाला कुठे बाधा येत नाही. हाच पैलवान सणाला गावी गेला की पाटावर बसतो आणि पाण्याचा तांब्याही त्याला हातात लागतो. पुरुषांच्या हाताला घरकाम वळत नाही, हा निसर्ग आहे, असं सांगणाऱ्यांनी या दोन दृश्यांचा मेळ घालून दाखवावा. तालमीत जे काम करताना लाज नाही तेच घरी लाजिरवाणं होतं, याचा अर्थ कामात लाज नाही. ती बघणाऱ्यांच्या अपेक्षेत आहे.

तालमीतलं बळ कशासाठी वापरायचं याचं उत्तरही या मातीने दिलेलं आहे. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. मांग समाजातल्या या वस्तादांकडे जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणेबाजी शिकले. पुढे १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती पडू लागली, तेव्हा लहुजी या कामाच्या पाठीशी उभे राहिले आणि महार-मांगांच्या मुलांना शाळेपर्यंत आणण्यासाठीही झटले. आपल्याकडे पौरुषाची उदाहरणं बहुतेक रणांगणावरची दिली जातात. ज्याला मारता येतं असा माणूस पोरींच्या शाळेचा राखणदार होतो, हे उदाहरण शाळकरी मुलग्यांपुढे फारसं ठेवलं जात नाही याचं मला नवल वाटतं. तसंच खाशाबा जाधवांचं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं त्यांचं कांस्यपदक सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांना तिथवर पाठवायला पैसे कमी पडत होते म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं, हे त्यामानाने कमी सांगितलं जातं. पदक मुलग्यांना स्वप्न देतं. गहाणखत त्यांना मोठा पुरुष कसा वागतो ते दाखवतं.

तरीही तालमीचं गुणगान इथेच थांबवायला हवं. तिच्यात एक मोठी उणीव होती आणि तिची किंमत आपण अजून मोजतो आहोत. तालमीत स्त्री नव्हती. आणि नसलेल्या स्त्रीबद्दल जे शिकवलं जाई ते भीतीच्या भाषेत शिकवलं जाई. बाई म्हणजे बळ हरण करणारी, तिच्याकडे पाहिलं की तपश्चर्या भंगते. लंगोटीचा पक्का राहण्याच्या या शिकवणीने मुलग्यांना स्वतःच्या शरीराबद्दल नाहक अपराधी केलं आणि स्त्री ही हाडामांसाची, मत असलेली, कंटाळणारी, हसणारी व्यक्ती आहे हे कळण्याची वाट बंद केली. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ चालवून ज्या अज्ञानाशी भांडले, त्यातला मोठा हिस्सा हाच होता. शिवाय ज्याचा वस्ताद चांगला त्याचं बरं, अशी ही व्यवस्था. वस्तादाच्या वर कुणी नव्हतं. म्हणून त्याच तालमींतून निवडणुकीच्या काळात दमदाटी करायला, जमिनीचे ताबे मिळवायला भाड्याने मिळणारी मनगटंही तयार झाली. आता मुलीही कुस्ती खेळतात, २०२३ मध्ये महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धाही सुरू झाली. जिथे मुलगे आणि मुली एकाच वस्तादाच्या हाताखाली मेहनत करतात तिथे ही उणीव काही अंशी भरून निघेल असं मानायला जागा आहे.

तालमीत जे नव्हतं ते एका मराठी पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक आपण सगळ्यांनी चुकीचं वाचलं आहे असं माझं ठाम मत आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ म्हणजे रडवणारं पुस्तक, मातृप्रेमाचं स्तोत्र, अशी तिची ख्याती. १९५३ च्या अत्र्यांच्या चित्रपटाने ती पक्की केली. पण पुस्तक उघडून पहिलीच रात्र वाचावी. आई तापाने अशक्त झालेली आहे, वटसावित्रीच्या प्रदक्षिणा तिला घालवत नाहीत आणि ती आपल्या मुलाला आपल्याऐवजी वडाभोवती फिरायला सांगते. श्यामला लाज वाटते. तिथे बायका असतील, हसतील, बाईचं व्रत मुलगा करतो म्हणून चेष्टा होईल. आई त्याची ती लाज मोडून काढते. मराठी मुलग्यांच्या संस्कारांचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक नेमकं या जागेवरून सुरू होतं, बायकांचं काम करताना बघितलं जाण्याच्या लाजेवरून, आणि नव्वद वर्षं आपण पुढच्या अश्रूंबद्दलच बोलतो आहोत. तीच आई पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला मारत बाहेर काढते, कारण आपला मुलगा भित्रा म्हणवला जावा हे तिला सोसत नाही. (मारण्याचं अनुकरण अर्थातच करायचं नाही, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत तरी ते बेकायदा ठरवलं आहे, आणि त्या आईचा परिणाम छडीचा नव्हता.) हळवेपणा आणि हिंमत यांत निवड करावी लागते असं त्या माउलीला वाटत नव्हतं.

त्याच पुस्तकात अळणी भाजीची गोष्ट आहे. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचं राहून जातं. वडील एक अक्षर न बोलता जेवतात, भाजी चांगली झाल्याचंच सांगतात, आणि मुलं वडिलांकडे बघून गप्प राहतात. आई शेवटी पानावर बसते तेव्हा तिला कळतं. या प्रसंगात वडील मुलग्याला काहीही समजावत नाहीत. ते फक्त एक अधिकार वापरत नाहीत, जो त्या काळच्या कुठल्याही कर्त्या पुरुषाला बिनदिक्कत वापरता आला असता. श्याम जे शिकला ते त्या न वापरण्यातून. संस्कार हे आईचं खातं आहे असं मानणाऱ्या वडिलांनी हे प्रकरण स्वतःसाठी वाचावं. आणि लगेच हेही म्हणायला हवं की आदर्श घर तेही नव्हे. वडिलांनी मोठेपणाने भाजी खाल्ली, पण मीठ विसरलेल्या बाईच्या मदतीला चुलीपाशी कुणी पुरुष गेल्याचं त्यात नाही. पत्रावळ लावायला मात्र त्या घरात मुलग्यालाही शिकावंच लागतं.

यावर कुणी म्हणेल की तालीम आणि साने गुरुजी या जुन्या गोष्टी झाल्या, आजच्या मुलग्यांवर असा काही प्रयोग होऊन त्याचा पडताळा घेतला गेला आहे का? घेतला गेला आहे. मुंबईत पुरुषांनीच १९९३ मध्ये सुरू केलेली ‘मावा’ ही संस्था तरुण मुलग्यांबरोबर तीन दशकं काम करते आहे. मुंबईतच ‘परिवर्तन’ नावाच्या उपक्रमात शाळांमधल्या क्रिकेट प्रशिक्षकांना तयार करण्यात आलं. त्यांनी सरावाच्या वेळीच मुलग्यांशी राग, भाषा, मुलींशी वागणं याबद्दल बोलायचं, अशी योजना होती. पाहणीत मुलग्यांचा दृष्टिकोन बदललेला आढळला; वागणं बदलल्याचा पुरावा मात्र तितका भक्कम निघाला नाही. सर्वांत काटेकोर अभ्यास हरियाणातला आहे. तिथल्या चार जिल्ह्यांतल्या ३१४ सरकारी शाळा घेऊन त्यांतल्या सुमारे निम्म्या शाळांमध्ये ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने सातवीपासून अडीच वर्षं समानतेवर नियमित चर्चासत्रं घेतली आणि उरलेल्या शाळांशी तुलना झाली. सत्रं घेतलेल्या शाळांतल्या मुलामुलींची मतं बदलली, कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही बराच बदल टिकून होता, आणि आपण घरकामाला हात लावतो असं सांगणाऱ्या मुलग्यांचं प्रमाणही वाढलं. वागण्यातला फरक मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये अधिक दिसला. अभ्यासकांनी दिलेलं कारण विचार करण्यासारखं आहे : मत बदललं तरी मुलीला तसं वागण्याची मोकळीक नसते, मुलग्याला असते.

हा अभ्यास माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो असं वाटू शकेल. शेवटी तिथे चर्चाच तर झाली, आणि चर्चेने फरक पडला. मला तो विरोध मान्य नाही, पण तो टाळणंही योग्य नाही. अडीच वर्षं, त्याच माणसाने, त्याच मुलांसमोर पुनःपुन्हा येऊन बसणं आणि त्यांना आपल्या घरात काय चालतं ते पाहून यायला लावणं, हे व्याख्यान नव्हे. तिथे बोलणं हा जाब विचारण्याचा एक प्रकार होता. शिवाय घरकाम वाढल्याचं मुलग्यांनीच सांगितलं आहे आणि शिकवणाऱ्याला काय ऐकायला आवडेल हे मुलांना चांगलं कळतं. अभ्यासकांनी ही शक्यता तपासली होती, तरी ती पुरती पुसता येत नाही. एवढं मात्र नक्की म्हणता येईल की बारा-तेराव्या वर्षी मुलगा दगड झालेला नसतो, आणि ‘ही पोरं सुधारायची नाहीत’ हा आपला आवडता निष्कर्ष आळसातून आलेला आहे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. काम आणि जबाबदारी यांतून चारित्र्य घडत असेल, तर ऊसतोडीच्या कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळणारी नऊ वर्षांची मुलगी आणि हॉटेलात कपबशा विसळणारा पोऱ्या हे सगळ्यांत थोर निघायला हवेत, आणि घरोघरच्या सगळ्या सुना संत. तसं होत नाही. राबून माणूस कडवटही होतो, लाचारही होतो, आणि आपण जे भोगलं ते पुढच्याला भोगायला लावण्यात त्याला न्याय वाटू लागतो. हे खरं आहे आणि म्हणूनच कामाचा भाबडा गौरव मला करायचा नाही. बालमजुरी हा अन्याय आहे, शिक्षण नव्हे. फरक असा की त्या मुलीच्या वाट्याला काम आलं पण शब्द आला नाही. तिला विचारून काही ठरत नाही, तिच्या चुकीला शिक्षा आहे पण तिच्या निर्णयाला जागा नाही. मुलग्याचं नेमकं उलटं झालं. त्याला शब्द मिळाला, पंगतीत मान मिळाला, बहिणीच्या कपड्यांवर मत द्यायचा हक्क मिळाला, आणि या सगळ्याच्या बदल्यात त्याच्यावर कुणाचंही काही अवलंबून राहिलं नाही. अधिकाराविना काम माणसाला वाकवतं, कामाविना अधिकार त्याला उर्मट करतो. तालमीतल्या पोराला खोरं मिळत होतं, पण उद्या हाच हौद्यात मोठ्यांशी लढणार हा विश्वासही मिळत होता. दोन्ही एकत्र मिळाल्याखेरीज जबाबदारी हा शब्द वापरू नये.

दुसरा आक्षेप बहुतेक घरांत दबक्या आवाजात घेतला जातो : मुलगा अशाने मऊ पडेल, जग कठोर आहे, पोरं त्याला बायकी म्हणतील. म्हणतील, यात शंका नाही. पण कठोरपणाच्या नावाखाली मुलग्यांचं काय होतं तेही मोजलं गेलं आहे. २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतले दर दहांतले सात पुरुष होते. कर्ज, नापिकी, बेकारी, व्यसन, आजार अशी कारणं गुंतागुंतीची आहेत आणि सगळं खापर संगोपनावर फोडणं चुकीचं ठरेल. तरी ज्याला लहानपणापासून मदत मागणं म्हणजे हरणं असं शिकवलं, तो अडचणीत कुणाकडे जाणार? ज्याला स्वतःला भात लावता येत नाही, रडता येत नाही आणि दवाखान्यात जायला बायकोने मागे लागावं लागतं, त्याला कणखर म्हणायचं असेल तर कणखरपणाची आपली पातळी फार खालची आहे.

मुलगे आयांनीच बिघडवले, असंही एक म्हणणं असतं आणि ते बायकाही करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं ४४ टक्के पुरुषांना वाटत होतं आणि ४५ टक्के स्त्रियांना. म्हणजे ही समजूत पुरुषांची खासगी मालमत्ता नाही, आया ती मुलग्यांना देतातच. पण आईने मुलग्याचं ताट उचलू नये म्हटलं तर पहिला आवाज चढतो तो घरातल्या कोणत्या माणसाचा, हेही विचारायला हवं. कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरांत, घाटावरच्या गिरणी कामगारांच्या घरांत पिढ्यांनी वडील वर्षातून दोनदा पाहिले. तिथे बाप पैसे पाठवणारा होता, वागून दाखवणारा नव्हता. आजचा बाप त्याच घरात राहतो आणि रात्री दहाला येतो. आईवर दोष टाकणं सोपं आहे कारण ती हजर असते.

मग पौरुष असं काही उरतंच का, की मुलींना जे शिकवायचं तेच मुलग्यांना? गुणांच्या बाबतीत मी बेधडक म्हणेन की तेच. धैर्य मुलीलाही हवं, ममता मुलग्यालाही. फरक गुणांत नाही, सवलतींत आहे. मुलग्याला जन्मापासून काही सवलती न मागता मिळतात : मोठ्याने बोलायची, उशिरा यायची, न विचारता घ्यायची, चुकून नामानिराळं राहायची. त्या परत करायला त्याला शिकवावं लागतं, आणि हे शिक्षण मुलींच्या अभ्यासक्रमात असायचं कारण नाही. मुलींची कामं अजून अर्धवट असताना मुलग्यांवर पुस्तक कशाला, असं विचारणाऱ्या कार्यकर्त्या मैत्रिणींना माझं उत्तर एवढंच आहे. मुलींना दिलेलं बळ शेवटी कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी कचेरीत, कुठल्या तरी बसथांब्यावर वापरलं जाणार आहे आणि तिथे हे सवलतवाले उभे असतात.

पुढच्या पानांत वयाप्रमाणे मांडणी केली आहे. फोनवर मुलगे काय पाहतात आणि त्यातून स्त्रीबद्दल काय शिकतात, हा विषय तेराव्या वर्षाच्या प्रकरणात घेतला आहे. त्याआधी घेतला असता तर बरं झालं असतं असं काही शिक्षकांना वाटेल आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. नियमांच्या याद्या मुद्दाम दिलेल्या नाहीत. प्रत्येक प्रकरणात मुलग्याला त्या वयात घराचं, वर्गाचं किंवा मैदानाचं कोणतं काम पूर्णपणे सोपवता येईल, ते बिघडलं तर काय करायचं, आणि ते आपणच उरकून टाकण्याचा मोह कसा आवरायचा, एवढंच आहे. हा शेवटचा भाग लिहायला सगळ्यात जड गेला. तालमीत पोरं आठव्या-दहाव्या वर्षी घेत, हरियाणात सातवीपासून सुरुवात झाली. इथे आठव्या वर्षापासून केली आहे, आणि ते पहिलं प्रकरण मुलग्यांसाठी नाही, त्यांच्या वडिलांसाठी आहे.